हे नाव मी स्वतः भरलं

सरांनी यादी वाचायला घेतली तेव्हा मी तिसऱ्या टेबलाखाली बसून वायरी गुंडाळत होते. हैदराबादच्या एका कॉलेजातली मशीन लॅब. थर्ड इयरची पोरं समोर उभी. एका युनिव्हर्सिटीचा फुकट ऑनलाइन कोर्स सुरू झाला होता, इलेक्ट्रिकल मशीन्सचा. आमच्या कॉलेजातून ज्यांनी नाव भरलं त्यांची यादी डिपार्टमेंटला आली होती. सर एकेक नाव घेत होते, पोरं हात वर करत होती.

मग त्यांनी माझं नाव घेतलं.

कुणाचाच हात वर गेला नाही. पोरांना माझं पूर्ण नाव माहीतच नव्हतं. अकरा वर्षं मी लॅब अटेंडर, अकरा वर्षं सगळ्यांची 'अक्का'. सरांनी नाव पुन्हा वाचलं. मी टेबलाखालून बाहेर आले, हातात वायरींचं भेंडोळं. म्हटलं, "सर, मी."

सरांनी चष्मा काढला. मराठीत विचारलं, "चुकून आलंय का गं तुझं नाव?"

"नाही सर. मी भरलंय."

"तू?"

"हो सर."

ते पोरांकडे वळले. इंग्रजीत म्हणाले, उद्यापासून तुमची तोंडी परीक्षा हीच घेईल. पोरं हसली. मग पुन्हा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. त्या खोलीत मराठी आम्हा दोघांनाच कळत होतं.

"फुकट दिसलं की तुमचे लोक रांग लावणारच. जा, बोर्ड पूस."

मी बोर्ड पुसला.

हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. बोर्ड पुसला. कोपऱ्यात लिहिलेली तारीखसुद्धा पुसली. मग डस्टर जागेवर ठेवला आणि पुन्हा टेबलाखाली जाऊन बसले.

आम्ही देगलूरकडचे. माझे वडील, आबा, लग्नाआधीच हैदराबादला आले आणि अफझलगंजच्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले. जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार भरायची. सगळी हयात त्यात गेली. मी शाळेतून परस्पर दुकानात जायची. तारेचे वेढे मोजायचं काम माझं. आबांना वाचता येत नव्हतं, पण मोटार सुरू झाली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, बेअरिंग गेलंय की तार. मला डिप्लोमाला घातलं त्यांनी. दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आई गेली आणि आबांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. मी कॉलेज सोडलं. पुढं काही वर्षांनी दुसऱ्या एका कॉलेजात अटेंडर म्हणून लागले. यंत्रं तीच. फक्त मी आता त्यांच्यावरची धूळ पुसायची.

हे सर पुण्याहून आले त्याला दोन वर्षं झाली. मला आनंद झाला होता. लॅबमध्ये सगळा कारभार तेलुगूत नाहीतर हिंदीत. कुणीतरी आपल्या भाषेतलं आलं, असं वाटलं. पहिल्या दिवशी मीच पुढं होऊन पाण्याचा ग्लास दिला आणि म्हटलं, "सर, मी पण मराठी."

"अरे वा. गाव कुठलं?"

सांगितलं.

"आडनाव काय म्हणालीस?"

तेही सांगितलं. सरांनी मान हलवली. ग्लास टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते घरून बाटली आणायला लागले. दोन वर्षांत त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. कधी वाईट शब्दही बोलले नाहीत. नुसती बाटली आणायचे.

एकदा एका बॅचनं मोटारीची फील्डची वायर सैल ठेवली. मोटारीला आवर राहिला नाही, वेग वाढतच गेला. तो आवाज मला लांबूनच कळला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. सर भिंतीला चिकटून उभे होते. अजून थोडा वेळ तशीच फिरली असती तर पोरांच्या अंगावर तुकडे उडाले असते. सगळं शांत झाल्यावर सर म्हणाले, "तुला स्विचला हात लावायला कुणी सांगितलं?"

त्या दिवशी सिरीषा माझ्याजवळ आली. थर्ड इयरची मुलगी, वरंगलकडची. म्हणाली, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?" मी सांगितलं, आवाजावरून. ती बघतच राहिली. दोन दिवसांनी तिनंच तिच्या फोनवर तो कोर्स दाखवला. "फ्री है अक्का. कोई भी भर सकता. आप करो ना."

मी नल्लकुंट्याच्या आमच्या खोलीत बसून फॉर्म भरला. एक रकाना होता, तुम्ही कोण? विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार, इतर. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग 'विद्यार्थी'वर बोट ठेवलं आणि खाली आमच्याच कॉलेजचं नाव भरलं. आबा कॉटवरून विचारत होते, "काय करायलीस?" म्हटलं, "शाळेत नाव घालायलेय, आबा."

"कोणाचं?"

"माझं."

आबा हसले. किती तरी वर्षांनी हसताना पाहिले.

रोज संध्याकाळी मी कामावरून आले की फोन डब्याला टेकवून ठेवायचे. शिकवणारे प्रोफेसर वयस्कर होते. इंग्रजी सावकाश बोलायचे. खाली अक्षरं यायची. मी थांबवायचे, वाचायचे, आबांना मराठीत सांगायचे. आबा त्यांना मास्तर म्हणायचे. मोटारीच्या आत चुंबकाचं बळ गोल फिरतं आणि फिरता भाग, रोटर, त्याच्या मागं धावतो, हे मी सांगितलं तेव्हा आबांनी उजवं बोट हवेत गोल फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे जल्मभर मी तार भरली, अन् आत काय फिरतंय हे मला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला ठाऊक होतं आबा. शब्द ठाऊक नव्हते."

"नक्को, माझी समजूत काढू नकोस. पुढं काय म्हणतोय मास्तर?"

आबांचा एक सवाल होता. पंख्याचा कंडेन्सर गेला की पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. बोटानं ढकललं की फिरतो. ज्या बाजूला ढकलू त्या बाजूला फिरतो. का? दुकानात कितीजणांना त्यांनी विचारलं होतं. कुणी सांगितलं नाही. "मास्तर सांगेल का?" मी पुढच्या धड्यांची नावं पाहिली. म्हटलं, सांगेल. पाचव्या आठवड्यात आहे.

आणि चौथ्या आठवड्यात सरांनी यादी वाचली.

त्या दिवशी मी घरी गेले. स्वयंपाक केला. आबांनी उजव्या हातानं उशी सरळ करून घेतली होती. "आला का मास्तर?"

मी म्हटलं, "आज सुट्टी आहे त्यांना."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, नेट नाही. तिसऱ्या दिवशी काय म्हटलं ते आठवत नाही. आबा रोज उशी सरळ करायचे, रोज विचारायचे. पुढं पुढं विचारायचे नाहीत, नुसते माझ्याकडं बघायचे. मी पाठ फिरवून भाजी चिरायची. मला फोनवर कोर्सचं नुसतं नाव दिसलं तरी कानात पोरांचं हसणं यायचं. वाटायचं, खरंच, मी कोण? बोर्ड पुसणारी बाई.

असे तीन आठवडे गेले.

एका गुरुवारी दुपारी मी लॅबमध्ये असताना शेजारच्या अम्मांचा फोन आला. मी पोचेपर्यंत आबा गेले होते. अम्मा म्हणाल्या, काही त्रास झाला नाही, झोपेतच. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच तसं होतं, ठाऊक नाही.

जलदानविधी झाला. देगलूरचे पाहुणे परत गेले. संध्याकाळी मी कामावरून आल्यासारखी खोलीत आले आणि हात आपोआप फोनकडं गेला. पाचवा आठवडा उघडला. दुसऱ्याच धड्यात तो पंखा होता. तोच सवाल. मास्तरनं फळ्यावर दोन बाण काढले, एकमेकांच्या उलट. दोन्ही बळं सारखीच असतात म्हणून यंत्र जागेवर थरथरत राहतं. आपण ज्या बाजूला ढकलतो ती बाजू वरचढ होते. चौदा मिनिटांचा धडा. चौदा मिनिटं.

कॉटवरची गादी गुंडाळलेली होती. मी तिच्यावर डोकं ठेवलं आणि ओरडून रडले. अम्मा भिंतीपलीकडून विचारत होत्या, "एम्मा? एमायिंदी?" काय झालं म्हणून. काय सांगू त्यांना?

सरांनी माझा अपमान केला तो एका मिनिटाचा. आबांचे तीन आठवडे मी नेले. सरांचं बोलणं मी घरी घेऊन आले आणि म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवलं. त्यांनी जन्मभर जे विचारलं त्याचं उत्तर माझ्या फोनमध्ये होतं, आणि मी लाजेपायी ते त्यांना दिलं नाही. याची भरपाई नाही. कुणी सांगितलं की तुझी चूक नाही, तर मी ऐकून घेते. पण ते खरं नाही.

त्या दिवसापासून मी रोज धडे बघायला लागले. मागं राहिलेले सगळे.

परीक्षा जवळ आली तेव्हा सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद. "वडील गेले ना तुझे? वाईट झालं. यावर सही कर."

वाचला. 'माझे नाव सदर कोर्समध्ये चुकून नोंदवले गेले असून ते काढून टाकावे ही विनंती.' माझ्यासाठी मुद्दाम मराठीत.

"कशाला सर?"

"तू नापास झालीस की डिपार्टमेंटचा निकाल खाली येतो. कॉलेजच्या नावावर मोजतात हे. तुला काय त्याचं? सर्टिफिकेट घेऊन काय करणारेस, फडकं जास्त चांगलं मारणार?"

मी त्यांच्या टेबलावरचं पेन घेतलं. पहिल्यांदाच त्यांच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावला. टाइप केलेल्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं, 'हे नाव मी स्वतः भरलं आहे. परीक्षा देणार आहे.' सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट. कागद त्यांच्यासमोर सरकवला.

अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं.

सर म्हणाले, "फार शहाणी झालीस."

मी म्हटलं, "सर, मला अहो म्हणा. पोरांसमोर मी तुम्हाला म्हणते तसं."

त्यांनी दाराकडं बोट केलं. मी गेले.

सोमवारी ऑर्डर आली. मशीन लॅबमधून मुलींच्या हॉस्टेलला बदली. संडास-बाथरूम धुणाऱ्या बायकांवर देखरेख, आणि बाई कमी पडली तर स्वतः. अकरा वर्षांत ज्या यंत्रांचा आवाज मला माणसासारखा ओळखीचा झाला, त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली.

मी परीक्षा दिली. शहराबाहेरचं सेंटर होतं, दोन बस बदलून. खोलीत सगळी माझ्या निम्म्या वयाची. कुणी हसलं नाही, कुणी बघितलंसुद्धा नाही, ज्याला त्याला आपली घाई. कॉम्प्युटरवर प्रश्न येत होते. मोटारीचे सगळे आले. ट्रान्सफॉर्मरची गणितं नाही जमली.

नापास झाले. थोडक्यात नाही, चांगलीच. निकाल आला त्या दिवशी डिपार्टमेंटच्या दारावर यादी लावली, आणि कुणीतरी माझ्या नावाभोवती लाल पेननं गोल काढला होता. हॉस्टेलवरून येताना मी ती बघितली. उभी राहून पूर्ण वाचली. माझ्यासोबत थर्ड इयरची सातआठ पोरं नापास होती. त्यांच्या नावांना गोल नव्हता.

त्याच दिवशी मी दोन कामं केली. कोर्सला पुन्हा नाव भरलं. आणि कॉलेजच्या तक्रार कमिटीला अर्ज लिहिला. मराठीत लिहिला, मग इंग्रजीत उतरवला. सर त्या दिवशी लॅबमध्ये जे बोलले ते शब्द न बदलता. बाटली. कागद. बदली. सगळं.

साक्षीदार म्हणून सिरीषाचं नाव घातलं होतं. त्या दिवशी लॅबमध्ये ती पण हसली होती, आधी सगळ्यांसोबत, मग खाली बघितलं. हॉस्टेलच्या जिन्यात तिनं मला गाठलं. रडत होती. "अक्का, माझे मार्क सरांच्या हातात आहेत. आणि मला मराठी कळत नाही, मी काय सांगू?" हे ती हिंदीत म्हणाली, मग तेलुगूत, मग नुसती रडली. मी तिचं नाव काढून टाकलं. तिच्यावर राग नाही. पण ती गेल्यावर मी त्या जिन्यात बराच वेळ बसून होते. मला या कोर्सकडं आणणारी तीच होती.

मग प्रिन्सिपलनी बोलावलं. सर शेजारी बसलेले. प्रिन्सिपल म्हणाले, लॅबमध्ये परत घेतो, अर्ज मागं घ्या. सर हसून मराठीत म्हणाले, "अहो बाई, आपण एका भाषेची माणसं. परमुलखात आपसात कशाला भांडायचं?"

अहो म्हणाले. तेवढ्यासाठी यावं लागलं मला इथपर्यंत.

मी म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्ही जे बोललात तेही याच भाषेत होतं, फक्त मलाच कळावं म्हणून." आणि उठले.

पुढच्या आठवड्यात कमिटीसमोर जायचं आहे. साक्षीला कुणी नाही. समोर सर असतील आणि त्यांच्या ओळखीचीच माणसं असतील. मला भीती वाटते, सकाळी भाकरी गिळत नाही. तरी जाणार आहे. खाली बघून बोलणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. ते माफी मागतील, मागणार नाहीत, ते त्यांचं. मी तक्रार मागं घेणार नाही.