चावी कोनाकडं?

"फुडचा पान काड गो," म्हणत ती प्रिंटरवर तळहात ठेवायची, चूल तापली का बघावं तसा. पेणच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या या मावशीला तुम्हीही पाहिलं असेल. बस हिची चुकायची, आणि भांडायची ती ड्रायव्हरशी.

तिच्या गावात शहरातून डॉक्टरांचं पथक आलं होतं, मिठागरातल्या बायकांच्या किडन्या का बिघडतात ते शोधायला. मावशीनं रक्त दिलं, कागदावर अंगठा दिला. "कळवू," म्हणाले. कळवलं कुणीच नाही. तिचे पाय मात्र सुजायला लागले.

मी नेटवर शोधलं. लेख छापून आला होता, इंग्रजीत. पहिलं पान दिसलं: बायकांच्या एका रोजच्या सवयीनं आजार बळावतो. कोणती सवय? तिथंच कुलपाचं चित्र. पुढं वाचायचं तर डॉलर भरा.

"चावी कोनाकडं?" मावशीनं विचारलं. "आमच्या कोठीची मुकादमाकडं असते."

मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरकारी दवाखान्यात जाऊन खरोखर चावी मागितली. तिथंही सगळे हसले. त्या अख्ख्या प्रकरणात शहाणा प्रश्न तेवढा एकच होता, हे आज कळतं.

"रगात माजा, आनि कुलूप त्यांचा?" दर सोमवारी ती मलाच दरडावायची.

सवय कळेना, म्हणून तिनं एकेक सोडायला घेतली. आधी मशेरी, मग चहा, मग सुकट. वाण्याकडची अंगदुखीची गोळी तेवढी रोज घेत राहिली. ते औषध ना!

शेवटी रोह्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांना ईमेल केला. आठ महिन्यांनी पूर्ण लेख आला. सवय चौथ्या पानावर होती: रोजची अंगदुखीची गोळी.

मावशी जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या रक्तावर लेख लिहिला, त्यांच्यापासूनच तो कुलपात ठेवायचा, आणि वर त्याला ज्ञान म्हणायचं! चोरसुद्धा अंगठा घेऊन चोरी करत नाही.

तिची मुलगी मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला आली. तीही मिठागरातच जाते. दाखला काढताना तिच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी खाली पडली. तीच गोळी. मी ती उचलून खिडकीबाहेर भिरकावली आणि चौथं पान तिच्या हातात ठेवलं.

"विंग्रजी हाय गो," ती म्हणाली.

मी शटर अर्धं ओढलं. "बस. वाचून दाखवते."