शिंक आणि दुधाचं झाकण

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आज सकाळी आमच्या घरात कुणीतरी शिंकलं. शिंकली माझी मुलगी, सर्दीनं. पण मी हातातला चहा सोडून स्वयंपाकघरात धावलो आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. आमच्याकडे मांजर नाही. कित्येक वर्षांपासून नाही.

लहानपणी मात्र मनी होती, आणि बाबांना मांजराची ॲलर्जी होती. मनी खिडकीतून आत उतरली की बाहेरच्या खोलीत बाबा शिंकायचे, आणि ती शिंक ऐकून आई आत दूध झाकायची. अशी तुतारी राजवाड्यातही वाजली नसेल! शेवटी डॉक्टरांनी दटावलं, "मांजर हलवा, नाहीतर दमा मागे लागेल." बाबांची ताई, म्हणजे माझी आत्या, मनीला भाजीच्या पिशवीत घालून आपल्या घरी घेऊन गेली. बाबांचे डोळे निवळले. दूध दिवसभर उघडं राहू लागलं, पण त्याचं सुख कुणालाच नव्हतं.

आठवणी म्हणे मनात राहतात. आमच्या घरी त्या हातात राहिल्या.

कारण पंधरा दिवसांनी मिरचीच्या फोडणीचा खकाणा उठला आणि बाबा शिंकले. आईनं झटकन दूध झाकलं, आणि झाकणावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. मी खिडकीकडे पाहिलं. बाबाही तिकडेच पाहत होते. मग नाक पुसत ते ओरडले, "अगं, ताईला सांग, मनीला परत आण म्हणावं! शिंका माझ्या आहेत, माझं मी बघून घेईन!"