डाव्या तळहातावरचा डाग

कागदाच्या कारखान्यातली सहाशे माणसे रोज दुपारी जे जेवतात, ते आधी एका बाईच्या डाव्या तळहातावर वाढले जाते. पळी पातेल्यात बुडवायची, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर एक थेंब टेकवायचा आणि तो निवण्याआधी जिभेने टिपायचा, ही तिची रीत. चमच्याने चाखले तर आधी धातूच बोलतो, मग पदार्थ, असे तिचे म्हणणे. सव्वीस वर्षांच्या त्या कढत थेंबांनी उंचवट्यावर शर्टाच्या बटणाएवढा तपकिरी, निबर डाग पाडला होता.

सव्वीसपैकी अकरा वर्षे ती त्या स्वयंपाकघराची मुख्य आचारी होती. तिच्याआधी त्या जागेवर चार पुरुष होऊन गेले. बाईमाणसाला सहाशेची पातेली झेपतील का, ही कुजबुज तिने एक शब्दही न बोलता मिटवली होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला दुय्यम आचारी, ज्याला सगळे त्याच्या पांढऱ्या दाढीवरून दाढीवाला म्हणत, तोही तिला मावशीच म्हणे.

रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला थोडक्यात सांगितले होते : पाव, भात, बटाटा, साखर बंद, अंडी, मासे, चीज, हिरव्या भाज्या पोटभर, तीन महिन्यांनी भेटा. बाईने त्याच दिवशी कानाला खडा लावला. समोर घोटलेल्या बटाट्याचा डोंगर वाफाळत असे आणि ही आपल्या डब्यातली अंडी आणि पालक खात बसे. दाढीवाला म्हणायचा, "मावशी, तुमची जीभ दगडाची आहे का हो?"

"जीभ नाही, मान दगडाची आहे. एकदा 'नाही' ठरलं की हलत नाही."

तिथवर सारे ठीक होते. मग मुलीने तिच्या फोनमध्ये कॅलरी मोजणारे ॲप घालून दिले, सोबत बदाम तोलायला एक चिमुकला काटाही आणला. दिवसाला चौदाशे, हा आकडाही मुलीनेच ठरवला. बाईला आकड्यांचे वावडे नव्हते. सहाशे माणसांना किती किलो कांदा लागतो हे ती झोपेतही सांगेल. तिने मोजायला घेतले ते चोख मोजले. चीजची फोड काट्यावर ठेवावी, कोपरा कापावा, पुन्हा ठेवावी. अडचण एकच आली.

"अगं, आणि माझ्या चाखण्या? त्या दिवसाला साठ तरी होतात."

"आई, तोंडात गेलं ते मोजायचं. नाहीतर मोजण्याला अर्थ काय?"

ॲपमध्ये थेंब नव्हता. त्यातले सर्वांत लहान माप एक चमचा होते. बाईने प्रत्येक थेंबाला एक चमचा लिहिला. संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर आकडा गेला. म्हणजे जेवणातली अंडी तरी सोडायची, नाहीतर चाखणे तरी. पोट आधीच कुरकुरत होते. तिने चाखणे सोडले. इतक्या वर्षांचा हात आहे, तो चुकेल कसा, असे तिने स्वतःला समजावले, आणि अधूनमधून दाढीवाल्याला म्हणू लागली, "तुम्ही बघा हो जरा."

दोन महिने निभावले. मग एका सोमवारी मटाराच्या सुपात दाढीवाल्याने मीठ घातले आणि तो भाजीची गाडी उतरवून घ्यायला गेला. मागून बाई आली. पूर्वी ती आधी चाखायची, मग मिठाला हात लावायची. आता तिने सवयीच्या मापाने ओंजळभर मीठ घातले आणि झाकण ठेवले. मावशी चाखतीलच, असे त्याने धरले. दाढीवाला चाखेलच, असे तिने धरले.

भांडी धुण्याच्या खिडकीखाली उष्ट्याच्या बादल्या असतात. एरवी एक बादली अर्धीही भरत नसे. तिचा तळ दिसला की बाई खूश. त्या सोमवारी तीन बादल्या काठोकाठ भरल्या. व्यवस्थापक खिडकीशी येऊन उभे राहिले.

"मावशी, आज सूप चाखलं कोणी?"

दाढीवाला म्हणाला, "माझी चूक, साहेब."

"त्यांची नाही," बाई म्हणाली. "पळी माझ्या हातात होती. मी चाखलं नाही."

व्यवस्थापकांनी आवाज खाली आणला. "शुक्रवारी मुख्य कचेरीतली मंडळी इथंच जेवणार आहेत. स्वयंपाकघर बंद करून बाहेरून सीलबंद डबे मागवायचं त्यांच्या डोक्यात आहे. त्यांना आयतं कारण देऊ नका, एवढंच सांगतो."

त्या संध्याकाळी भांडे घासताना बाईचे लक्ष डाव्या तळहाताकडे गेले. डाग फिकटला होता. कातडी मऊ, गुलाबी, कुणा परक्या बाईच्या हातासारखी. मीठ जास्त पडले याचे तिला वाईट वाटले होते. हा तळहात पाहून मात्र तिला लाज वाटली.

बुधवारी तीन महिन्यांची तपासणी होती. साखर उतरली होती, वजनही. बाईने फोन पुढे केला. बासष्ट दिवस, एकही दिवस रिकामा नव्हता. शाबासकीच मिळणार, अशी तिची खात्री होती.

"हे कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"मुलीनं."

"मी काय सोडायला सांगितलं होतं?"

"पाव, भात, बटाटा, साखर."

"ते सोडलंत. मग हे कशाला धरून बसलात? काहींना मोजणं मानवतं, मी नाही म्हणत नाही. तुम्ही मात्र उपाशी दिसताय. भूक लागली की जेवा, पोट भरलं की थांबा. जमेल?"

बाईला हसू आले. ताट पुढे करणाऱ्याच्या मनगटावरून त्याची भूक ओळखणारी ती. यंत्राजवळच्या माणसाला न मागता दीड पळी आणि कचेरीतल्या कारकुनाला पाऊण पळी वाढणारी ती. सहाशे भुका तिला कळत होत्या. तिने न विचारलेली भूक एकच होती.

"आणि चाखायचं काय? अगदी थेंबभर?"

"तुमच्या कामाचंच आहे ते. थेंबाला मी घाबरत नाही. थेंबाची वाटी करू नका, म्हणजे झालं."

घरी येऊन तिने मुलीसमोर फोन ठेवला. "काढ ते."

"आई! इतकी शिस्त लागली होती तुला."

"शिस्त मला तुझ्या जन्माआधीपासून आहे. पावाला मी आजही हात लावत नाही, उद्याही लावणार नाही. पण माझ्या जिभेला हिशेब विचारायचा नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "काटा राहू दे. कामावर खमीर तोलायला होईल."

शुक्रवारी ती सकाळी सातलाच कामाला लागली. घेवड्याचा रस्सा, भाजलेला मासा, कोबी, घोटलेला बटाटा. पहिला थेंब तळहातावर पडला तेव्हा नव्या कातडीला चटका बसला आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघाले. दाढीवाला म्हणाला, "मावशी, सवय गेली हाताची."

"येईल परत. रश्शात आंबट कमी आहे, दोन टोमॅटो आणा. आणि तुम्हीही चाखा. यापुढे झाकण पडेल ते दोघांनी चाखल्यावरच."

बटाट्यापाशी ती क्षणभर थांबली. मग नखाएवढा घेतला, जिभेवर दाबला, "लोणी हवं" म्हणाली आणि पुढच्या पातेल्याकडे वळली. त्या दिवशी तिने साठ वेळा चाखले असेल, नव्वद वेळाही असेल. दुपारी भूक लागली तेव्हा मासा आणि कोबी ताटात घेऊन ती बसली. पोट भरले तेव्हा उठली.

मुख्य कचेरीतली मंडळी जेवली, तोंडभरून बोलली. बोलण्याकडे बाईचे लक्ष नव्हते. शेवटचे ताट धुतले जाईपर्यंत ती खिडकीशी हात बांधून उभी होती. व्यवस्थापक आले, त्यांनी वाकून पाहिले. एकच बादली होती आणि तिचा तळ दिसत होता.

"सांगतो त्यांना," ते म्हणाले.

"त्यांनाच आणा इथं. डोळ्यांनी बघू देत."

आणि ती मंडळी खरोखरच आली. चांगल्या बुटांनी, ओल्या फरशीवरून, उष्ट्याची बादली पाहायला. सीलबंद डब्यांचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

पुढच्या तपासणीपर्यंत डाग परतला होता, बटणाएवढाच, थोडा गडद. साखर जागेवर होती. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा पट्टा सोडताना तिचा हात उलटा केला.

"हे भाजलंय की काय? मलम देते, महिन्यात जाईल."

बाईने हात हलकेच सोडवून घेतला. "नको," ती म्हणाली. "एकदा गेला होता. पुन्हा जाऊ द्यायचा नाही."