कोपऱ्यातला फ्रीजर

कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची. बटण बंद केलं तरी समाधान नाही, प्लगही काढायची. चहा कायम उभ्यानेच. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की म्हणायची, "भुतांना उकडतंय वाटतं."

प्रयोगशाळांच्या इमारतीची देखरेख तिच्याकडे होती. सगळे तिला मावशी म्हणत, मीही. मी साहित्याची पदवीधर, शेजारच्या ग्रंथालयात कामाला. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. ती गेली हे मला अजून खरं वाटत नाही.

सुट्टीत जे यंत्र बंद करायचं नाही, त्याच्या प्लगला लाल पट्टी लावायची, अशी तिथली पद्धत. हळूहळू सगळ्यांनीच सगळ्याला पट्ट्या लावल्या. किटलीलासुद्धा. बंद इमारत भरल्या इमारतीइतकीच वीज खाऊ लागली. यंदा सुट्टीआधी संस्थेच्या प्रमुखांनी मावशीला बजावलं, "पट्टी बघू नका. विचारा आणि बंद करा."

मावशीने एकेकाला फोन लावले. जो तो म्हणे, "माझं तेवढं राहू द्या." कोपऱ्यातला जुना फ्रीजर मात्र कुणीच आपला म्हणेना. तिने तो बंद केला. पण त्या दुपारी तिला घास उतरेना.

"कुणाचा असला तर गं?"

दुसऱ्या दिवशी डबा उघडतोय तोच तिचा फोन वाजला. एक संशोधक मुलगी, वडिलांच्या आजारपणामुळे घरी गेलेली. आदल्या दिवशी तिचा फोन लागला नव्हता.

"मावशी, कोपऱ्यातला फ्रीजर चालू आहे ना? चार वर्षांचं काम आहे माझं त्यात."

"चालू आहे की! तू बाबांकडे बघ."

फोन ठेवला. डबा तसाच झाकला.

"खोटं बोलले गं. चल, ऊठ."

आम्ही धावलो. प्लग लावला. फ्रीजर नुसताच घरघरला, गार काही होईना. दाराच्या कडेने पाणी ठिबकत होतं. आतले नमुन्यांचे डबे अजून गोठलेले होते. शेजारच्या फ्रीजरमध्ये जागा होती. ती डबे काढून देत होती, मी लावत होते.

"हात चालव. इथे कविता सुचायला नकोय."

"मावशी, तुला घाम फुटलाय. बस जरा."

"एवढं होऊ दे, मग बसते."

खालचा कप्पा ओढायला ती वाकली आणि तिथेच बसली. भिंतीला टेकली. मी हाका मारल्या. पहारेकऱ्याला ओरडून बोलावलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

संध्याकाळी मी परत त्या फ्रीजरपाशी गेले. वरचे कप्पे रिकामे होते. खालचा अर्धवट बाहेर ओढलेला, वितळलेल्या नमुन्यांच्या डब्यांनी भरलेला. फरशीवर पाणी पसरलं होतं.