झाकलेलं पाऊल

पंधरा वर्षं मी माझे पाय लोकांपासून लपवले. संधिवाताने आधी हातांची बोटं धरली, मग पावलं. उजव्या पायाचा अंगठा हळूहळू बाकीच्या बोटांकडे कलंडत गेला, शेजारचं बोट त्याच्यावर चढून बसलं आणि उरलेली तीन आकड्यासारखी वळली. चवड्याखालची हाडं खाली उतरली होती. प्रत्येक पावलाला चपलेत खडा गेल्यासारखं वाटायचं, आणि हा खडा झटकून टाकता येत नव्हता. लग्नकार्यात फोटोच्या वेळी मी मागच्या रांगेत जायचे, साडी पार जमिनीला टेकेल अशी नेसायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादी नवी सून वाकू लागली की दोन पावलं मागे सरकून म्हणायचे, "पोचला गं नमस्कार." लोकांना ते माझं मोठेपण वाटायचं. खरं तर तिचा हात माझ्या बोटांना लागू नये एवढीच धडपड होती.

ऑपरेशनचा निर्णय माझा होता, हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. नातेवाईक म्हणत होते, या वयात कशाला? आमचे हे म्हणाले, "चालतेयस की व्यवस्थित." मी म्हटलं, "चालत नाही, पाय ओढतेय. तुम्हाला ते दिसत नाही, कारण तुम्ही कायम माझ्या चार पावलं पुढे असता." तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलेलं आहे. डॉक्टर वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींमध्ये शोभतील अशा होत्या. त्यांनी कागदावर पाऊल काढून समजावलं. अंगठ्याचा सांधा सरळ करून पट्टी आणि स्क्रूने कायमचा जोडायचा, चवड्याखाली टोचणारी हाडांची टोकं काढायची, चारही बोटं सरळ करून त्यांत सहा आठवडे तारा ठेवायच्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुमची संधिवाताची औषधं शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी करतात. तारेतून जंतू आत गेले तर बोट जाऊ शकतं. जोडलेलं हाडसुद्धा सुटू शकतं. काहीही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी यायचं." मी मान डोलावली. विद्यार्थ्यांचं असं मान डोलावणं मी आयुष्यभर पाहिलेलं होतं, त्याचा अर्थ मला ठाऊक असायला हवा होता.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचा भाग बधिर होता आणि मी जागी होते. हिरव्या पडद्यापलीकडे कोणीतरी सुतारकाम करत असावं तसे आवाज येत होते. मी डोळे मिटून देवीचं नाव घेत राहिले. माझ्या माहेरच्या पेठेत तिचं लहानसं देऊळ आहे. परीक्षेआधी, लग्नाआधी, मुलाच्या वेळी, प्रत्येक भीती मी तिच्याच पायरीवर नेऊन ठेवली आहे. घरी आले तेव्हा पायाला जाड बँडेज होतं आणि त्यातून बोटांची टोकं बाहेर डोकावत होती. अंगठा सोडून प्रत्येक टोकातून तार निघालेली, तारेच्या शेवटी बारीकसा मणी. पण बोटं सरळ होती. पंधरा वर्षांनी ती एका ओळीत उभी होती, आणि मला रडू आलं.

एक बूट मिळाला होता. टाचेकडे जाड, चवड्याकडे अधांतरी, म्हणजे सगळा भार टाचेवर पडावा. जमिनीला पाय टेकला की तो बूट पायात हवा, घरातसुद्धा, ही डॉक्टरांची ताकीद. इथे माझी अडचण झाली. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघर स्वयंपाकघरात आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात पायताण कधी शिरलेलं नाही. बूट कोरा करकरीत होता, रस्ता त्याने पाहिलेला नव्हता, तरी तो घालून देवासमोर उभं राहायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा यायचा. पूजा हे करत होते. पण यांची पूजा म्हणजे उतरवून काढलेला गृहपाठ, कालचं फूल आज तसंच. मग मी एक वाट काढली. हे सकाळी भाजी आणि फुलं आणायला मंडईत जायचे, त्यांना मंडईशिवाय भाजी पटत नाही. तेवढ्या वेळात मी वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे, बूट काढून बाहेर ठेवायचे आणि ओट्याचा आधार घेत टाचेवर चार पावलं टाकायचे. दिवा लावायचे, कुंडीतलं फूल वाहायचे, परत यायचे, आणि यांच्या ते लक्षातही यायचं नाही. एवढंसं तर चालायचं, असं मी स्वतःला सांगायचे. देवाचं काम आहे, काही होणार नाही.

चौथा आठवडा संपत आला होता. त्या सोमवारी दिवा लावून वळताना दुसऱ्या बोटाची तार पाटाच्या कडेला अडकली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओट्याला धरून मी कितीतरी वेळ उभी होते. खाली पाहिलं तर मणी वाकडा झाला होता आणि तारेच्या मुळाशी रक्ताचा थेंब आला होता. मी तो कापसाने टिपला, वर स्वच्छ पट्टी बांधली, बूट चढवला आणि खुर्चीत येऊन बसले. हे आले. त्यांनी मेथीची जुडी दाखवून विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "छान."

मंगळवारी बोट ठणकायला लागलं. बुधवारी सकाळी हॉस्पिटलमधून चौकशीचा फोन आला. ताप? नाही. सूज? नाही. तारेतून पाणी वगैरे? नाही हो, सगळं ठीक. फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षं मुलांना सांगत आले की चूक झाली तर सांगून मोकळं व्हावं, आणि इथे साठी उलटलेली बाई धडधडीत खोटं बोलत होती. पण सांगायचं म्हणजे बूट का काढला ते सांगावं लागणार, यांना कळणार, नातेवाइकांना कळणार. हट्टाने पाय कापून घेतला आणि शेवटी बोट घालवून बसली, हे वाक्य मला कानात ऐकू यायचं. पुढच्या मंगळवारी तपासायला जायचंच होतं, तोवर निभेल असं मी ठरवून टाकलं. गुरुवारी पट्टीवर पिवळट डाग आला. मी पट्टी बदलली आणि पायावर शाल घेतली. मनातल्या मनात देवीशी सौदा केला, की एवढं बोट वाचव, मी अकरा शुक्रवार अनवाणी येऊन अकरा अकरा प्रदक्षिणा घालीन.

शुक्रवारी दुपारी मी यांना म्हटलं, मला देवळात जायचंय. हे चकित झाले. डॉक्टरांना विचारलंस का, म्हणाले. मी म्हटलं, "देवळात जायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही." रिक्षा केली. खाचखळग्यांत प्रत्येक गचक्याला ठणका पार पोटरीपर्यंत जात होता. आता तो थांबत नव्हता. मी दात आवळून बसले होते आणि सारखी म्हणत होते, काहीतरी सांग, आई, काहीतरी खूण दे. खूण दिसली असती तरी ती मी मानली असती की नाही, देव जाणे. कारण दिसण्यासारखं सगळं माझ्या पायाला दिसतच होतं.

देवळाच्या पायरीशी एक मावशी चपला सांभाळतात. पोत्यावर बसलेल्या, पुढ्यात चपलांच्या ओळी, हातात नंबराचे बिल्ले. पूर्वीही मी त्यांच्याकडे कितीदा चपला दिल्या असतील, पण त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. हे रिक्षावाल्याला थांबायला सांगत होते. मी वॉकर टेकून पायरीवर बसले आणि सवयीने बूट काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"ही चप्पल न्हाई, ताई. हे औषध हाय. हे मी ठेवून घेणार न्हाई."

"अहो, पण ते घालून आत कशी जाऊ?"

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या पायाकडे बघत होत्या. मी साडी ओढायला गेले तर त्यांनी सरळ माझा हात बाजूला केला आणि वाकून पाहिलं. सकाळी बांधलेली पट्टी भिजली होती. बोट टमाट्यासारखं लाल झालं होतं आणि ती लाली पावलावर चढू लागली होती.

"कधीपास्नं हाय हे?"

मी चार दिवस कोणाला न सांगितलेलं त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. सोमवारपासून.

"आमच्या मालकांचं असंच झालं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता. "शुगर व्हती. आदी अंगठा गेला, मंग पाऊल. ते बी चार दिस लपवून बसले व्हते." मग त्यांनी बूट स्वतःच्या हाताने माझ्या पायात सरकवला, पट्टे लावले आणि यांना हाक मारली, "ओ दादा, रिक्षा सोडू नगा. ह्यांना आत न्हाई जायचं. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं, दर्शन तरी घेऊ द्या. त्यावर त्या म्हणाल्या, "ती कुटं पळून चाललीय?"

दारातून देवीचा फक्त मुकुट दिसत होता. तेवढा पाहून मी परत रिक्षात बसले आणि यांना सगळं सांगितलं. पाट, बूट, फोनवरचं खोटं, सगळं. हे पुढे वाकले. रिक्षावाल्याला म्हणाले, "जरा लवकर घ्या." मग सिग्नलला माझा हात हातात घेतला, चारचौघांत. हे त्यांनी पूर्वी कधी केल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा बदलला. ती तार त्यांनी तिथेच काढली, जखम धुतली, शिरेतून औषध सुरू केलं. मग निळं पेन घेऊन लालीच्या कडेने माझ्या पावलावर रेघ ओढली. "लाली या रेघेच्या आत राहिली तर आपण जिंकलो," त्या म्हणाल्या, "बाहेर गेली तर उद्या परत ऑपरेशनला आत घ्यावं लागेल. मग बोटाचं मी काही सांगू शकत नाही." रागावतील म्हणून मी चार दिवस भीत होते. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत थांबला असतात तर ही रेघ ओढण्यात अर्थच उरला नसता." ते मला दहा छड्यांपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी लाली रेघेला टेकली. एके ठिकाणी तर ती रेघेवर आहे की बाहेर, हेच कळेना. नर्स बघून गेली, हे चष्मा पुसून पुसून बघत होते. मी देवीकडे काही मागायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की मागायला मला तोंडच उरलेलं नाही. चार आठवडे मी देवघरात तिच्यासमोर बूट काढून उभी राहिले, ते तिच्यासाठी होतं असं मला वाटत होतं. तिने खूण दिली नाही म्हणावं, तर तिने डॉक्टरांच्या तोंडून सांगितलं होतं, ठणक्यातून सांगितलं होतं, पट्टीवरच्या डागातून सांगितलं होतं. मी हात तिला जोडत होते आणि ऐकत होते स्वतःचंच. त्या संध्याकाळी मी प्रथमच काही मागितलं नाही. म्हटलं, बोट राहू दे नाहीतर जाऊ दे, तू म्हणशील ते. मग मला चक्क झोप लागली.

सकाळी डॉक्टर आल्या, वाकल्या, पायाचा फोटो काढून कालच्या फोटोशेजारी धरून पाहिला. लाली रेघेपासून बोटभर मागे सरली होती.

पाच दिवसांनी घरी आले तर दिवाणखान्यात माझ्या खुर्चीशेजारी टेबलावर स्वच्छ वस्त्र अंथरून देव मांडलेले. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तुला देवांपर्यंत जाता येत नाही ना, मग देवांना इकडे आणलं. त्यांच्या पायांना काही झालेलं नाही." मी बुटासकट दिवा लावला. आकाश कोसळलं नाही. पुढे बाकीच्या तारा वेळेवर निघाल्या, मग गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे व्यायाम, मग रुंद मऊ बूट, मग सोसायटीच्या आवारात एक फेरी, मग दोन. दुसरं बोट थोडं आखूड आणि ताठ राहिलं आहे. चपलेतला खडा मात्र गेला.

सहा महिन्यांनी मी त्या देवळात गेले. डॉक्टरांना विचारूनच. थोडं अनवाणी चाललं तर चालेल, म्हणाल्या, अकरा प्रदक्षिणा नकोत. म्हणजे सौदा मी एकतर्फी मोडला, आणि देवीने त्याबद्दल आजवर मला काही म्हटलेलं नाही. मावशी तिथेच होत्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "मावशी, ओळखलंत का? तुम्ही मला दारातून परत पाठवलं होतंत." त्या थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मान हलवली.

"तोंडं न्हाई लक्षात ऱ्हात, ताई. पाय दाखवा."

शुक्रवारची गर्दी होती. बायका चढत होत्या, उतरत होत्या. मी बूट काढला, मोजा काढला आणि पंधरा वर्षं झाकलेलं माझं उजवं पाऊल भर पायरीवर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी एकेका बोटाला हात लावला. याच बोटांना कुणी शिवू नये म्हणून मी सगळ्या जगाचे हात चुकवले होते. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

"पाच हायेत," त्या म्हणाल्या. "मंग जावा आता."

त्यांनी माझा बूट उचलून ओळीत ठेवला आणि बिल्ला माझ्या हातात दिला. मी साडी जराशी वर धरली आणि आत गेले.