खाऱ्या पाण्याची टाकी

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्या बरोबरीनं त्यांची टाकीही माझ्या गळ्यात पडली. ते परभणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीत काचेची चार फुटी टाकी मांडली. पुण्याहून पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे आणि प्रवाळाचा एक जिवंत तुकडा आणला. आपल्याकडं समुद्र कुठला? फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं समुद्री मीठ मोजून विरघळवायचं, की झाला समुद्र.

मी झरीच्या शाळेत शिकवते. एप्रिलात शाळा सकाळची होती. पहाटे उठून त्यांचं अंघोळपाणी उरकायचं, गोळ्या द्यायच्या आणि झरीची बस गाठायची. मी येईपर्यंत गल्लीतल्या एक मावशी त्यांच्याजवळ बसायच्या. दुपारी जेवण झालं की टाकीसमोर बैठक. त्यांच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब मोजून टाकायचे, रंग बदलला की तक्त्याशी ताडून आकडा लिहायचा. थेंब मोजताना माझा डोळा लागायचा. मग नळी ओतून पुन्हा पहिल्यापासून.

वहीत एक ओळ होती, 'रोज पाणी भरणे.' उन्हानं टाकीतलं पाणी रोज अर्धं बोट उतरायचं. खाऱ्या टाकीत खारंच पाणी घालायचं, एवढं मला कळत होतं. बादलीत मीठ कालवून मी रोज ते भरत राहिले. खारेपणा मोजायची एक नळीही कपाटात होती. मीठ मोजूनच घालतेय तर पुन्हा कशाला मोजायचं, म्हणून ती मी कधी काढलीच नाही.

दोनेक आठवड्यांनी मावशी म्हणाल्या, "मॅडम, सर सकाळधरनं मीठ मीठ करायलेत. लय चिडायलेत."

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून जेमतेम पाच-सहा शब्द फुटायचे. डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलेलं होतं. मला वाटलं, अळणी जेवणाला कंटाळलेत. दुपारी पुन्हा "मीठ" म्हणाले, तेव्हा मी उभ्या उभ्याच म्हणाले, "अहो, लहान आहात का आता? मी किती ठिकाणी पुरी पडू?"

त्यांनी मान खाली घातली. पुढचे दोन दिवस त्यांनी एक शब्द काढला नाही.

तिसऱ्या दिवशी मलाच राहवलं नाही. वरणभातावर चिमूटभर मीठ टाकलं आणि ताट पुढं केलं. त्यांनी डाव्या हातानं ते बाजूला सारलं. माझं मनगट धरलं आणि मान टाकीकडं वळवली. प्रवाळ आखडून पांढरट पडलं होतं. दोन्ही मासे कोपऱ्यात वरच्या बाजूला जोरजोरात कल्ले हलवत होते. रोज तासभर त्या टाकीसमोर बसून मला ते दिसलं नव्हतं.

कपाटातली नळी काढली. पस्तीस असायला हवं तिथं चव्वेचाळीस होतं. मग उजेड पडला. ऊन नुसतं पाणी नेतं, मीठ मागंच राहतं. त्यात मी रोज आणखी मीठ घालत होते. भरायचं होतं ते साधं पाणी. त्यांना ते इतकं उघड होतं, की वहीत लिहायचंही सुचलं नव्हतं.

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. माशांसाठी नाही. हा माणूस मला सांगत होता आणि मी त्याला गप्प केलं होतं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हळू." मला वाटलं, रडू नको म्हणतायत. पण त्यांनी बादलीकडं बोट केलं. खारेपणा एकदम उतरवला तर मासे मरतात, हे त्यांना सांगायचं होतं.

मग पाच दिवस थोडं खारं पाणी काढलं, थोडं साधं भरलं. प्रवाळ गेलं. एक मासाही गेला. दुसरा आठवड्यानं खायला लागला.

नणंद आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, देऊन टाका हे कुणाला तरी. किती मरमर करता?" मलाही तेच वाटत होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं माझ्याकडं बोट केलं. माझ्यावर सोडलं होतं त्यांनी.

टाकी अजून बैठकीत आहे. मी दमते, कधी चिडतेही. पण आता त्यांच्या खुर्चीशेजारी बसूनच पाणी तपासते आणि आकडा मोठ्यानं वाचते. ते मान हलवतात. कधी नुसतं बघत राहतात, तेव्हा मी पुन्हा मोजते.