मेक्सिको त्याचा, गिनी माझी

पिंपळे सौदागरला केकच्या दुकानावर स्पॅनिशचा एक क्लास चालतो. तिथे पहिल्या दिवशी भाषा शिकवत नाहीत, देश वाटतात. बाईंची पद्धत अशी की प्रत्येकाने स्पॅनिश बोलणारा एक देश घ्यायचा आणि कोर्स संपेपर्यंत तिथलं होऊन राहायचं. घर तिथलं, नोकरी तिथली, बायकामुलंही तिथलीच.

देश वाटताना जी झोंबाझोंबी झाली ती मी सोसायटीच्या पार्किंगवरूनही पाहिलेली नाही. स्पेन एका आयटीवाल्या जोडप्याने नेला, दोघांत एक. अर्जेंटिनासाठी दोन मुलं फुटबॉलचे टी-शर्ट घालूनच आली होती. मेक्सिकोसाठी माझ्या कंपनीतल्या सहकाऱ्याने हात वर केला. खरं तर दोन्ही.

"मॅडम, मेक्सिको मलाच द्या राव. कंपनीचं काम आहे."

काम माझंही होतं. चाकणची आमची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते आणि मेक्सिकोत तिचा नवा प्लांट सुरू होत होता. क्वालिटी विभागातून एकाला सहा महिने तिकडे पाठवणार होते. नावं दोनच होती, त्याचं आणि माझं. मला जायचं होतं. किती जायचं होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा. अशा शाळांतून मुली फार सुसंस्कृत होऊन बाहेर पडतात, म्हणजे गप्प.

"अगं, तू एखादा शांत देश घे की," तो मला म्हणाला. "तुला सूट होईल."

मी बोलेपर्यंत फक्त इक्वेटोरियल गिनी उरला होता.

"आफ्रिकेत कुठलं आलंय स्पॅनिश?" स्पेनच्या अर्ध्या मालकीणबाईंनी विचारलं. बाईंनी "आहे, आहे" म्हणत घाईने पान उलटलं. आईने तर कपाळाला हात लावला. "एवढी फी भरून आफ्रिका? मावशीने विचारलं तर स्पेन सांग हं." मावशीला आजही वाटतं, मी स्पेन शिकते.

मेक्सिकोवर बाईंच्या पुस्तकात पानभर तयार मजकूर होता. सहकाऱ्याने तो कंपनीच्या बसमध्ये, कॅंटीनच्या रांगेत, लिफ्टमध्ये घोकला. आमच्याकडे घोकण्याला अभ्यास म्हणतात, त्यामुळे सगळे त्याचं कौतुक करत. गिनीवर अर्धी ओळ होती. ती पहिल्याच दिवशी संपली. पुढची वाक्यं माझी मलाच जुळवावी लागली. ती बहुतेक चुकायची. मग कानात रेकॉर्डिंग लावायचं, पुन्हा जुळवायचं. बसमध्ये तो बोलायचा आणि मी ऐकायचे. एकूण आमचं नेहमीसारखंच चाललं होतं.

कोर्स संपला आणि मेक्सिकोच्या लोकांशी पहिला व्हिडिओ कॉल ठरला. संध्याकाळी सातला, तेव्हा तिकडे सकाळ. आमचे प्लांट हेड मधोमध बसले. "हं, होऊ द्या," ते म्हणाले. सहकारी उठून उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि सुरू झाला. सोय दे मेहिको. मी मेक्सिकोचा आहे. मी ग्वादालाहाराला राहतो. मला तीन मुलं आहेत आणि माझी बायको शिक्षिका आहे.

हे तो मेक्सिकोच्या माणसांना सांगत होता. राहतो मोशीला, दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. लग्न ठरता ठरत नाही.

पलीकडे सगळे खो खो हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. तो वाकून नमस्कार करून बसला. प्लांट हेडना एक अक्षर कळलं नव्हतं. "बघा, पहिल्याच फटक्यात हसवलं! ह्याला म्हणतात कॉन्फिडन्स."

तेवढ्यात तिथल्या क्वालिटीच्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "इ एया?" आणि ही?

मी म्हटलं, मी सांगवीची. थोडं समजतं. हळू बोला. मग त्यांनी हळू विचारलं की मागच्या वेळी आलेल्या खोक्यांतले पार्ट गंजलेले का होते. मी सांगितलं, प्लास्टिक फाटलं होतं, पाणी शिरलं. त्या मान हलवत लिहून घेत होत्या. प्लांट हेड मोबाइलमध्ये होते.

मेक्सिकोला तो गेला. "मुलीला एकटीला तिकडे कुठे पाठवायचं? घरचे काय म्हणतील?" असं कारण माझ्या कानावर आलं. माझ्या घरच्यांना कुणीही विचारलं नव्हतं. माझ्या वाट्याला रोजचा सातचा कॉल आला.

आता व्यवस्था अशी आहे. मेक्सिकोच्या बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या असतात. त्या बोलतात, ते चाकणला येतं, मी त्याचं मराठी करते आणि ते परत मेक्सिकोला जातं.

"काय म्हणतेय गं ती?"

"बाजूला सरक म्हणतायत. मशीन तुझ्या मागे आहे."

"मग असं सांग ना!"

मागच्या आठवड्यात प्लांट हेड कॉलला येऊन बसले. काम आटोपल्यावर बाईंनी मला विचारलं, तू कधी येतेस? याआधीही त्या विचारायच्या आणि मी हसून सोडून द्यायचे. या वेळी मी स्पॅनिशमध्येच म्हटलं, "ते साहेबांना विचारा."

त्यांनी विचारलं. चांगलं लांबलचक, हातवारे करून, थेट प्लांट हेडकडे बघत.

"काय म्हणतायत?" सरांनी मला विचारलं.

"मला कधी पाठवताय, ते विचारतायत, सर."

सर स्क्रीनकडे बघून हसले. पलीकडे या वेळी कुणी हसलं नाही. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे आमचा मेक्सिकोवाला जमिनीकडे बघत होता.

"काय सांगू त्यांना?" मी म्हटलं आणि गप्प बसून राहिले. गप्प बसायला मला शाळेने शिकवलंय, त्यामुळे मला काही घाई नव्हती.